पेटंट ऑफिसच्या आक्षेपांना उत्तर : सहा महिने मोजायचे कुठून?

प्रश्न : तासगावला माझे छोटे वर्कशॉप आहे. बेदाणा प्रतवारीच्या मशीनसाठी मी स्वतःच पेटंटचा अर्ज केला. परीक्षण अहवालावर 9 ऑक्टोबर ही तारीख आहे, पण ईमेल भाच्याने काढून दिलेला, पासवर्ड त्याच्याकडे, म्हणून मेल मी 20 जानेवारीला पाहिला. आक्षेप बरेच आहेत, शिवाय हा भाचा सहसंशोधक आहे, आणि शोधाचा हक्क त्याने मला दिल्याचा कागद जोडलेला नाही. मला 20 जुलैपर्यंत वेळ आहे ना? मुदत वाढवून द्या असा मेल केला आहे. मधल्या काळात ब्लोअर सुधारला, तोही घालायचा आहे.

उत्तर : नाही. तुमची मुदत 9 एप्रिलला संपते. पेटंट नियम 24ब प्रमाणे सहा महिने अहवाल जारी झाल्याच्या तारखेपासून मोजतात. तुम्ही मेल कधी उघडला, हे कुणी विचारत नाही. ईमेल भाच्याने काढून दिला होता, पासवर्ड त्याच्याकडे होता, ही सबब चालणार नाही. पोस्टमन पाकीट आणेल म्हणून थांबलेल्यांची अशी पत्रे मला नेहमी येतात. अर्ज करताना एवढा खर्च करायचा आणि मग तीन-तीन महिने मेल बघायचा नाही, हे मला खरोखर कळत नाही.

मुदतवाढीचा तुमचा मेल निरुपयोगी आहे. त्यासाठी फॉर्म 4 फीसह भरावा लागतो, तोही सहा महिने संपायच्या आत. नियम 24ब प्रमाणे जास्तीत जास्त तीन महिने मिळतात, म्हणजे 9 जुलै. तुम्ही धरलेली तारीख वाढीव मुदतीतही बसत नाही. मुदत वाढवण्याचा आणि उशीर माफ करण्याचा सर्वसाधारण नियम 138 हा 2024 मध्ये बदलला, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

मुदत चुकली तर पेटंट कायद्याच्या कलम 21 प्रमाणे अर्ज तुम्ही सोडून दिला असे कायदा धरतो. ज्या निर्णयांवर अपील करता येते त्यांच्या यादीत, म्हणजे कलम 117अ मध्ये, कलम 21 नाही. उरते रिट याचिका, म्हणजे अपील नसताना थेट उच्च न्यायालयाकडे दाद मागणे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये पेटंट एजंटाच्या हलगर्जीपणामुळे बुडालेले अर्ज पुन्हा जिवंत केले आहेत, पण तिथे अर्जदाराला अर्ज सोडायचा नव्हता हे दिसत होते. तुमच्या बाबतीत कोर्ट काय म्हणेल, सांगता येत नाही. शिवाय रिटची तारीख लागेपर्यंत तुमच्यासारखी मशीन दुसरा कुणी विकायला लागेल. नवा अर्जही करता येणार नाही. परीक्षण झाले म्हणजे तुमचा अर्ज प्रसिद्ध झालेला आहे, आणि तुमचेच प्रसिद्ध झालेले वर्णन तुमच्या नव्या अर्जाला आडवे येईल.

म्हणून उत्तर मनासारखे झाले नाही तरी ते वेळेत गेलेच पाहिजे. प्रत्येक आक्षेपाचा क्रमांक घालून त्याखाली काहीतरी ठोस लिहा; 'नंतर कळवतो' चालणार नाही. शेवटी कलम 14 खाली सुनावणी मागा. मग अर्ज नामंजूर झालाच तर तो कलम 15 खाली होतो आणि त्यावर तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

तुमचा पहिला क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागता ते सांगणारे वाक्य, मी वाचला. 'चाळणी, पट्टा व ब्लोअर असलेले प्रतवारी यंत्र' एवढेच त्यात आहे. असे लिहिल्यावर कलम 3(फ), म्हणजे माहीत असलेल्या साधनांची नुसती मांडणी, हा आक्षेप येणारच. चाळणीचा उतार आणि हवेचा झोत मिळून दाणा न फुटता देठ कसा वेगळा होतो, हे तुमच्या वर्णनात पान 6 वर आहे. ते क्लेममध्ये आणा.

नवा ब्लोअर मात्र यात घुसवू नका. मूळ वर्णनात नसलेली गोष्ट दुरुस्तीने घालायला कलम 59 मनाई करते. त्यासाठी कलम 54 खाली वाढीव पेटंटचा, म्हणजे मूळ शोधातल्या सुधारणेसाठीच्या पेटंटचा, वेगळा अर्ज करा, आणि तो दाखल होईपर्यंत सुधारलेली मशीन कोणत्याही व्यापाऱ्याला दाखवू नका.

भाच्याच्या कागदाची मुदत वेगळी, अर्ज केल्यापासून सहा महिन्यांची; ती केव्हाच गेली. त्याची सही घेऊन तो नियम 137 खाली, म्हणजे कामकाजातील चूक माफ करण्याच्या विनंतीसह, जोडा; सहसा घेतात, खात्री देत नाही. तो नोकरीला असेल तर त्याच्या कंपनीच्या करारात शोधांबद्दल काय लिहिले आहे, तेही बघा.

उत्तर स्वतः दाखल करणार असाल तर शेवटच्या रात्रीच्या पोर्टलवर विसंबू नका. दोन दिवस आधी मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात नेऊन द्या आणि पोच घ्या. आक्षेपांची तयारी तोवर होणार नसेल, तर आज फॉर्म 4 भरा.