वेबसाइटचे पहिले शंभर डॉलर आले, आता कॉलेज सोडायचं का?

ताई, सस्नेह नमस्कार.

मानेवाड्याहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरकारी भरतीची माहिती मराठीत देणारी वेबसाइट त्याने उभी केली, साइटवर जाहिराती दाखवून मालकाला पैसे देणाऱ्या गूगल ॲडसेन्सचे पहिले शंभर डॉलर बँकेत जमा झाले आणि आता कॉलेज सोडून त्याला हेच करायचं आहे. वर चाळीस हजारांचा एक कोर्सही लावायचा आहे. ‘हे काम खरं की फसवणूक?’ असं तुम्ही विचारलंय.

काम खरं आहे. ॲडसेन्स 2003 पासून चालू आहे. पण पत्रात एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, तिची मला जास्त काळजी वाटते. रोज संध्याकाळी मुलाचे मित्र आणि मावसभाऊ त्याची साइट उघडून जाहिरातींवर क्लिक करतात. हे आजच्या आज बंद करायला सांगा. त्या प्रत्येक क्लिकचे पैसे कुणीतरी दुकानदार किंवा क्लासवाला गिऱ्हाईक मिळेल या आशेने भरत असतो. खोटे क्लिक गूगलला ओळखू येतात. तसे आढळले की खातं बंद होतं, मिळालेली रक्कम कापली जाते आणि पुन्हा खातं उघडणं फार अवघड होऊन बसतं. शिवाय 2024 पासून ॲडसेन्स साइटच्या मालकाला क्लिकऐवजी जाहिरात दिसण्याचे पैसे देतं. मित्रांच्या क्लिकचा त्याला फायदा कमीच आणि धोका मात्र पुरेपूर.

आता कमाईचं बघू. जाहिरातदार अजूनही बहुधा क्लिकमागेच बोली लावतो. पान उघडताक्षणी त्यावरच्या जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो, आणि कर्ज, विमा, घर अशा विषयांवर बोली चढते. भरतीची माहिती शोधणारा मुलगा बेरोजगार असतो. त्याला विकायला फारसं काही नसतं, म्हणून त्या पानांचा भाव पडलेला राहतो. समजा, हजार वेळा पान उघडलं आणि त्या जाहिराती दिसण्याचे पंचवीस रुपये हाती आले. महिन्याला पंधरा हजार हवे असतील तर सहा लाख वेळा पानं उघडली गेली पाहिजेत. हाच हिशेब त्याला स्वतःच्या साइटचे खरे आकडे घेऊन करायला लावा. तुम्ही समजावण्यापेक्षा तो जास्त पटेल. आणि तीच भरतीची माहिती शेकडो साइट देतात. गूगलने शोधातला क्रम थोडा बदलला की वाचक एका रात्रीत दुसरीकडे जातात.

तुमचं माहेर काटोलचं, घरची संत्र्याची बाग आहे, असंही तुम्ही लिहिलंय. मग त्याने त्यावर का लिहू नये? संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहारातला फरक, झाडांना पाण्याचा ताण कधी द्यायचा, कळमन्याच्या बाजारात भाव कसा ठरतो, हे मामाकडून ऐकून तो लिहू शकतो. नागपुरातच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. वाचक कमी येतील, पण ठिबक, खतं, औषधं विकणाऱ्यांना नेमके तेच हवे असतात.

तरी माझ्या मते मुलाची खरी नोकरी जाहिरात दाखवण्यात नाही, ती जाहिरात देणाऱ्याच्या बाजूला आहे. रामदासपेठेतले डॉक्टर, सीताबर्डीचे दुकानदार, वर्धा रोडवरची लग्नाची लॉन्स, सगळ्यांना गूगलवर जाहिरात द्यायची असते आणि पैसा कुठे वाया जातो ते कळत नाही. केटरिंगवाल्याची जाहिरात ‘केटरिंगमध्ये नोकरी’ शोधणाऱ्याला दिसली आणि त्याने क्लिक केलं की त्या क्लिकचे पैसे फुकट गेले. असे शब्द आधीच वगळून ठेवावे लागतात. रोजचं बजेट, बोली, एका चौकशीमागे आलेला खर्च, हे बघणारी माणसं जाहिरात एजन्सींना लागतात. बी.कॉम.चा पोरगा हिशेबात पक्का असेल तर इथे तो उठून दिसेल, आणि मुलाखतीत दाखवायला स्वतःची साइट आहेच. अशा जागांसाठी पदवी बहुतेक ठिकाणी विचारतात, म्हणून कॉलेज सोडू देऊ नका.

चाळीस हजार भरू नका. गूगलच्या स्किलशॉप या ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर गूगल ॲड्सचं, म्हणजे गूगलवर जाहिरात देण्याचं, प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राची परीक्षा दोन्ही मोफत आहेत. ते झाल्यावर ओळखीच्या एखाद्या दुकानदाराचे दोन-तीन हजार रुपये जपून खर्च करून दाखवायला सांगा, आणि किती फोन आले ते वहीत मांडायला लावा. ती वही घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने इंटर्नशिप मागावी. ॲडसेन्सची रक्कम मात्र उत्पन्नात धरली जाते, तेव्हा तिची नोंद आत्तापासून ठेवा आणि आयकर विवरणपत्राचं तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या.