कुळागर विकून बर्फावर जावे का?

सप्रेम नमस्कार.

फोंड्याहून पाठवलेले आपले पत्र मी दोनदा वाचले. आपली मुलगी आठ वर्षांची असल्यापासून चाकांच्या स्केट्सवर आर्टिस्टिक स्केटिंग करते, गेली दोन वर्षे राज्यात पहिली येते आणि यंदा दहावीला आहे. गणेश चवथीला घरी जमलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी सर्वांसमोर म्हणाले, की हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाहीच, मग एवढी वर्षे घालवून मिळवले काय? त्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला आहे. चाके सोडायची, बर्फावरील फिगर स्केटिंग शिकायचे, त्यासाठी अकरावीला प्रवेश न घेता गुरुग्रामला किंवा परदेशी जायचे आणि ऑलिम्पिक गाठायचे. आपल्या यजमानांनी सावईवेऱ्याचे वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, विकण्याची तयारी दाखवली आहे. आपल्याला ते पटत नाही, पण मुलीचे स्वप्न मोडल्याचा दोष माथी नको म्हणून आपण गप्प आहात. तिच्यात ऑलिम्पिकपर्यंत जाण्याइतकी गुणवत्ता आहे की नाही हे कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे.

मी तिचे स्केटिंग पाहिलेले नाही, त्यामुळे गुणवत्तेविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. क्षणभर असे धरून चालू, की तिच्यात हवी तेवढी गुणवत्ता आहे. तरीही आपल्या घरातील निर्णय सुटत नाही, कारण या खेळात गुणवत्ता पूर्ण असूनही ऑलिम्पिकच्या बर्फावर ज्यांचे पाऊल कधी पडले नाही, अशा स्केटरांची संख्या थोडी नाही. त्यांच्यातील काहींची हकीकत आपण, आपल्या यजमानांनी आणि मुख्यतः मुलीने ऐकावी असे मला मनापासून वाटते.

रशियाची एलिझावेता तुक्तामिशेवा ही ग्लाझोव्ह या लहान गावची मुलगी. तेथून ती सेंट पीटर्सबर्गला अलेक्सेई मिशिन या नामवंत प्रशिक्षकांकडे ये-जा करून शिकली. २०१४-१५ च्या एकाच हंगामात तिने ग्रां प्री अंतिम स्पर्धा, युरोपीय अजिंक्यपद आणि शांघाय येथील जागतिक अजिंक्यपद जिंकले, आणि जागतिक स्पर्धेत ट्रिपल अ‍ॅक्सेल ही स्त्रियांमध्ये फार थोड्यांना साधलेली उडी मारून दाखवली. परंतु सोची ऑलिम्पिक होते त्याच्या आदल्या हंगामात, २०१४ च्या फेब्रुवारीत, आणि त्या हंगामातील राष्ट्रीय स्पर्धेत ती दहावी आली होती. २०१८ मध्ये तिची निवड झाली नाही. २०२१ मध्ये ती जगात दुसरी आली, पण २०२२ साली रशियाच्या तीन जागांवर तिच्याहून पुष्कळ लहान वयाच्या तीन मुली गेल्या. जगज्जेती ठरलेली ही स्त्री ऑलिम्पिकमध्ये एकदाही खेळलेली नाही.

येथे नियम समजून घेणे आवश्यक आहे. एका देशाला एका प्रकारात जास्तीत जास्त तीन जागा मिळतात, आणि त्या किती मिळणार हे प्रामुख्याने आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेतील त्या देशाच्या खेळाडूंच्या क्रमांकांवरून ठरते. ज्या देशात जागतिक दर्जाच्या सहा मुली आहेत, तेथे किमान तिघी घरीच राहतात, आणि त्यात त्यांचा काहीही दोष नसतो.

जपानच्या युकारी नाकानो यांची गोष्ट तर मला वाचतानाही जड जाते. त्यांनाही ट्रिपल अ‍ॅक्सेल साधत असे आणि २००८ मध्ये त्या जगात चौथ्या आल्या होत्या. डिसेंबर २००९ मध्ये ओसाकाला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत व्हँकुव्हर ऑलिम्पिकची निवड व्हायची होती. एक जागा आधीच ठरलेली होती, एक विजेत्या माओ असादा यांच्याकडे गेली आणि उरलेल्या एका जागेसाठी अकिको सुझुकी व नाकानो यांच्यात शेवटपर्यंत चुरस झाली. सुझुकी १९५.९० गुणांनी दुसऱ्या आल्या आणि नाकानो १९५.७३ गुणांनी तिसऱ्या. अंतर ०.१७ गुणांचे. एखाद्या गिरकीत तोल किंचित ढळला किंवा एका पंचाचे मत थोडे वेगळे पडले, तरी तेवढा फरक पडतो. नाकानो त्या हंगामानंतर निवृत्त झाल्या आणि पुढे प्रशिक्षक झाल्या. ते ०.१७ गुण त्यांना मिळाले असते तर त्यांची आधीची वर्षे सार्थकी लागली असती, आणि मिळाले नाहीत म्हणून ती वाया गेली, असे कोणी म्हणाले तर आपल्याला ते पटेल का? आपल्या पाहुण्यांनी लावलेले माप मात्र नेमके तेच सांगते.

याच माओ असादा यांना २००६ च्या ट्युरिन ऑलिम्पिकला जाता आले नव्हते. डिसेंबर २००५ मध्ये त्यांनी ग्रां प्री अंतिम स्पर्धा जिंकली होती, पण वयाच्या अटीत त्या सुमारे तीन महिन्यांनी कमी पडल्या. त्या पुढे दोन ऑलिम्पिक खेळल्या, म्हणून त्यांचे दुःख भरून निघाले. रशियाच्या अल्योना कोस्तोर्नाया यांना तशी संधी आली नाही. २०२० मध्ये त्या युरोपच्या विजेत्या होत्या, त्याच वर्षीची जागतिक स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली आणि २०२२ च्या ऑलिम्पिकपूर्वी हाताच्या दुखापतीने त्यांना निवड स्पर्धेबाहेर ठेवले.

अमेरिकेचे रूडी गॅलिंडो हे क्रिस्टी यामागुची यांच्याबरोबर जोडीने स्केटिंग करीत. दोघांनी १९८९ आणि १९९० मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मग यामागुची यांनी एकेरीवरच लक्ष द्यायचे ठरवले आणि १९९२ मध्ये त्या ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेत्या झाल्या. गॅलिंडो मागे राहिले. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांच्या घरात एकामागून एक मृत्यू झाले, पैशांची ओढाताण होती, आणि अखेर त्यांची बहीणच त्यांची प्रशिक्षक झाली. १९९६ मध्ये स्वतःच्या सॅन होसे शहरात, वयाच्या २६ व्या वर्षी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना ते राष्ट्रीय विजेते ठरले, आणि त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक घेतले. पुढचे ऑलिम्पिक दोन वर्षे दूर होते आणि तोवर ते व्यावसायिक कार्यक्रमांकडे वळले होते.

एक नाव मात्र मी आपल्या मुलीला आवर्जून सांगेन, ते मेबल फेअरबँक्स यांचे. १९१५ मध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय मुलीला अमेरिकेतील क्लबांनी सदस्यत्व दिले नाही, आणि सदस्यत्वाशिवाय स्पर्धेत उतरता येत नव्हते. राष्ट्रीय स्पर्धेचीच वाट बंद होती, तेथे ऑलिम्पिकची गोष्ट दूरच. फेअरबँक्स मनोरंजनाच्या कार्यक्रमांतून स्केटिंग करीत राहिल्या आणि नंतर लॉस एंजेलिस येथे शिकवू लागल्या. ताई बबिलोनिया आणि रँडी गार्डनर या दोन मुलांची जोडी त्यांनीच जमवली, आणि ती जोडी १९७९ मध्ये जगज्जेती झाली. १९९७ मध्ये अमेरिकी फिगर स्केटिंगच्या सन्मान दालनात फेअरबँक्स यांचे नाव घेतले गेले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी व्यक्ती. ज्यांना त्या काळी दार बंद होते, त्यांनी दुसऱ्यांसाठी दार उघडले, हे मला त्या सन्मानाहून मोठे वाटते.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येते. भारताचा एकही फिगर स्केटर आजवर हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरलेला नाही. तारा प्रसाद या आपल्या राष्ट्रीय विजेत्या अमेरिकेत वाढल्या आणि तेथेच घडल्या. देशात वर्षभर चालणाऱ्या बर्फाच्या रिंक मोजक्याच आहेत. सिमल्याची जुनी रिंक थंडीच्या महिन्यांपुरती असते, देहरादूनची मोठी रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली गेली, पण नंतर अनेक वर्षे बंद राहून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि गोव्यात ६० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी पूर्ण मापाची रिंक नाहीच. ज्या मुली ऑलिम्पिकला जातात त्यांतील बहुतेकींनी पाच-सहा वर्षांच्या वयात बर्फावर पाऊल टाकलेले असते. १९९८ ची ऑलिम्पिक विजेती तारा लिपिन्स्की चाकांवरूनच बर्फाकडे आली होती, हे उदाहरण मुलीने कदाचित आपल्याला ऐकवले असेल. पण तीही सहाव्या वर्षी आली होती.

चाकांवरचे कौशल्य बर्फावर काही प्रमाणात उपयोगी पडते. गिरकीची जाण, हवेत शरीर आवळून घेण्याची सवय, संगीताशी असलेले नाते, हे सारे तिच्याबरोबर जाईल. पण चार चाकांचा आधार आणि पोलादी पात्याची धार यांत पायाखालचा अंदाज बदलतो, आणि पंधराव्या वर्षी तो नव्याने बसवताना आज जमणाऱ्या उड्या काही महिने जमेनाशा होतील. हे तिला आधी माहीत असले पाहिजे, नाहीतर ती त्याला आपले अपयश समजेल.

म्हणून माझे मत मी स्पष्टपणे लिहिते. कुळागर विकू नये, आणि अकरावीचा प्रवेश चुकवू नये. सुपारीचे झाड फळ धरायला लागण्यास सहा-सात वर्षे जातात, हे आपल्याला मी सांगायला नको. पण माझी काळजी केवळ पैशांची नाही. ज्या मुलीला ठाऊक आहे की आजोबांची बाग आपल्यासाठी गेली, ती प्रत्येक उडीला ती बाग पाठीवर घेऊन उभी राहते. मडगावच्या माझ्या कार्यालयात फुटबॉलसाठी अकरावी सोडलेला एक मुलगा आला होता. दुखापतीपेक्षा वडिलांचे कर्ज त्याला जास्त दुखत होते, आणि ज्या खेळावर त्याचे जिवापाड प्रेम होते त्याकडे पाहणेही त्याने सोडले होते. आपल्या मुलीच्या बाबतीत मला तेच टाळायचे आहे.

बर्फाची तिची ओढ मात्र दडपू नये. दहावीची परीक्षा झाल्यावर सुट्टीत एक महिना तिला गुरुग्राम किंवा देहरादून येथे, आपल्यापैकी कोणीतरी सोबत राहून, रोज सराव करू द्यावा. एवढा खर्च बागेला हात न लावता निभावता येईल. जाण्यापूर्वी तेथील प्रशिक्षकांशी स्वतः बोलून घ्यावे आणि रोज बर्फावर किती तास मिळतील, एका वेळी किती मुले असतील, त्यांच्याकडे शिकलेली मुले कोणत्या स्पर्धांपर्यंत पोहोचली आहेत, हे विचारावे. महिन्याअखेरीस त्यांचे मत लेखी घ्यावे. ऑलिम्पिक शक्य आहे का, असे त्यांना विचारू नका, कारण त्याचे प्रामाणिक उत्तर कोणापाशीच नाही. दोन वर्षांत ही मुलगी राष्ट्रीय स्पर्धेत कोठे उभी राहील, एवढेच विचारा.

त्या महिन्यानंतर तिला चाकांकडे परतावेसे वाटले, तर त्यात कमीपणा मानू नये. हैदराबादचे अनुप कुमार यामा यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत चाकांच्या आर्टिस्टिक स्केटिंगमध्येच दोन कांस्यपदके मिळवली आणि २०१५ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा खेळ तेव्हाही ऑलिम्पिकमध्ये नव्हता. चवथीच्या पाहुण्यांना उत्तर द्यायचे असेल, तर हे एक उत्तर तिच्या हाती द्यावे.

शिक्षणाची दिशा आत्ताच पक्की करण्याची घाई नाही. गोवा शालान्त मंडळाच्या क्रीडा गुणांसाठी तिची प्रमाणपत्रे शाळेत वेळेवर पोहोचली आहेत ना, हे या आठवड्यातच पाहावे. अनेक पालक हे विसरतात आणि निकालानंतर धावपळ करतात. अकरावीला तिला विज्ञान झेपत असेल तर जीवशास्त्र ठेवावे, म्हणजे पुढे फिजिओथेरपीची वाट मोकळी राहते. ते आवडत नसेल तर कला शाखेतून पदवी घेऊन बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी करता येते. बारावीनंतर एखाद्या अनुभवी प्रशिक्षकांच्या हाताखाली लहान मुलांना शिकवून पाहावे आणि स्केटिंग फेडरेशनच्या पंच परीक्षांची माहितीही घेऊन ठेवावी. नृत्याचे शिक्षण सुरू असल्यास ते थांबवू नये. दुसऱ्यांचे कार्यक्रम बसवणारी व्यक्ती या खेळात स्केटरांइतकीच लागते, आणि आपल्याकडे अशी माणसे फारच थोडी आहेत.

एक विनंती. आपले पत्र मोठे आणि मनापासून लिहिलेले आहे, पण मुलीचे स्वतःचे एकही वाक्य त्यात नाही. तिला ऑलिम्पिक हवे आहे, की पाहुण्यांसमोर खाली गेलेली मान वर करायची आहे, हे मला आपल्या पत्रातून कळू शकले नाही, आणि कदाचित आपल्यालाही ते विचारायचे राहिले असेल. हे पत्र तिला वाचायला द्यावे. सुट्टीतील त्या महिन्यानंतर तिने बर्फावर काय वाटले ते मला स्वतः लिहावे. त्याचे उत्तर मी तिच्याच नावे पाठवीन.

आपली हितचिंतक,
करिअर समुपदेशक, मडगाव