जनुक-नियमन की जनुक-नियंत्रण?

त्वचेच्या कर्करोगावरील मजकूर मराठीत आणताना ‘जीन रेग्युलेशन’ला ‘जनुक-नियंत्रण’ म्हणावे की ‘जनुक-नियमन’, असा प्रश्न आला आहे. माझा कौल ‘नियमना’ला आहे.

व्युत्पत्तीचा येथे फारसा उपयोग नाही, कारण दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘यम्’, म्हणजे आवरणे, हाच धातू आहे. वापरात मात्र त्यांच्या वाटा फुटल्या आहेत. गर्दीवर, महागाईवर, रक्तदाबावर आपण नियंत्रण ठेवतो, म्हणजे त्यांना वाढू देत नाही. वाहतुकीचे नियमन करणारा हवालदार एक बाजू अडवतो आणि त्याच वेळी दुसरी सोडतो. पेशीही कोणते जनुक केव्हा आणि किती वाचायचे हे अशाच रीतीने ठरवते.

मेलॅनोमाचे, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचे, उदाहरण घेऊ. ब्राफ या जनुकातील जो बिघाड सुमारे निम्म्या मेलॅनोमांत आढळतो, तोच अंगावरच्या बहुतेक साध्या तिळांतही असतो, आणि तरीही तीळ सहसा आयुष्यभर तीळच राहतो. रोग बळावण्यासाठी आणखी काही बिघडावे लागते. (‘कर्करोगाची प्रगती’ हा प्रयोग मला खटकतो; प्रगती विद्यार्थ्याची होते, रोग बळावतो.) टर्ट जनुकाबाबत २०१३ साली असे दिसून आले की, अनेक मेलॅनोमांत त्याच्या प्रवर्तकात, म्हणजे जनुक सुरू करणाऱ्या लगतच्या भागात, डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘सी’च्या जागी ‘टी’ असे एकच अक्षर बदललेले असते. जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाची रचना तीच राहते. एरवी बंद असणारे जनुक तेवढे चालू होते आणि पेशीला विभागत राहण्याची मुभा मिळते.

रंगपेशींतील इतर जनुके चालू-बंद करणाऱ्या एमआयटीएफ या प्रथिनाचे वागणे तर थेट पंख्याच्या रेग्युलेटरसारखे आहे. त्याची पातळी मध्यम असताना गाठीतील पेशी भराभर विभागतात, ती बरीच वाढली तर विभाजन मंदावून रंगद्रव्य तयार होऊ लागते, आणि खाली आली की विभाजन मंदावते, पण पेशी आजूबाजूला पसरू लागतात. जिथे कमी होणेही धोक्याचे, तिथे ‘नियंत्रण’ हा शब्द वाचकाची दिशाभूल करतो.

‘नियंत्रण’ बाद करावे असे मात्र नाही. सीडीकेएन२ए हे जनुक पेशीविभाजनाला लगाम घालते, आणि काही गाठींत ते शाबूत असूनही त्याच्या प्रवर्तकावर मिथाइल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे, चिकटल्यामुळे गप्प बसते. तेथे ‘जनुकाचे नियमन बिघडल्याने विभाजनावरील नियंत्रण सुटते’ असे खुशाल लिहावे.