कडी लावली तरी झोप येत नाही

प्रिय मावशी,

मी साताऱ्याची, वय एकतीस. एका सहकारी बँकेत अंतर्गत तपासणीचं काम करते. मिस्टर फौजेत आहेत, सध्याचं पोस्टिंग लांबचं. मुलगा सव्वादोन वर्षांचा. दर दोनेक महिन्यांनी सांगली-मिरजेच्या शाखांच्या तपासणीला दोन-तीन दिवस मुक्कामी जावं लागतं. आधी तो सासूबाईंजवळ राहायचा. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी त्याला बरोबरच नेते. दिवसा तो सांगलीत माझ्या मावसबहिणीकडे असतो. तिचं घर दोन खोल्यांचं, त्यात अंथरुणाला खिळलेले सासरे, म्हणून रात्री आम्ही लॉजवर.

तिथं मला झोप येत नाही. कडी लावते, दाराला खुर्ची टेकवते, दिवा चालू ठेवते आणि पॅसेजमधल्या पावलांकडे कान लावून पडून राहते. मागच्या वेळी रात्री पावणेअकराला दार वाजलं. "मॅडम, पाण्याची बाटली." मी मागवलीच नव्हती. दार उघडलं नाही, तोंडातून आवाजही फुटला नाही. पोराला कवटाळून पहाटेपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी व्हाउचर तपासताना डोळे मिटत होते. सासूबाई म्हणतात, "लेकराला घेऊन लॉजवर राहायची काय गरज पडलीय? सोड ती नोकरी." मिस्टरांना सांगितलं तर ते तिकडे जागे राहतात. मला नोकरी सोडायची नाही. मीच भित्री आहे का?

– एक आई, सातारा

मावशीचं उत्तर

भित्री बिलकुल नाहीस. दार उघडलं नाहीस हे चांगलं केलंस. तो पोऱ्या खरंच खोली चुकला असेल, नाहीतर उगाच डोकावायला आला असेल. त्याचा निवाडा मध्यरात्री एकटीनं करत बसायचं तुला काही कारण नाही. मागवलं नाही, तर दार उघडायचं नाही, संपलं. फक्त पुढच्या वेळी आतून खणखणीत आवाजात सांग, "मी काही मागवलेलं नाही," आणि लगेच काउंटरला फोन लाव. लॉजवरचा इंटरकॉम बहुतेक वेळा शोभेपुरता असतो, म्हणून रजिस्टरमध्ये सही करतानाच काउंटरचा मोबाइल नंबर घेऊन तिथल्या तिथं एक मिस कॉल दे. सांगूनही बाहेरचा माणूस हलला नाही, कडीशी खटपट करू लागला, तर ११२ फिरव. आणि सकाळी मॅनेजरला वेळेसकट सांग. त्याचं तोंड बघ. "कोण होता, विचारतो" म्हणाला तर ठीक. हसून "होतं हो मॅडम" म्हणाला, तर त्या लॉजची पायरी पुन्हा चढू नकोस.

आता तुझ्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट. तुझी सगळी रात्र दारावर गेली. खुर्ची, कडी, पावलं. पण सव्वादोन वर्षांच्या पोराला इजा करणाऱ्या बहुतेक वस्तू दाराच्या आतल्या बाजूला असतात, आणि त्यांचा तुझ्या पत्रात एका ओळीचाही उल्लेख नाही. दाराचं काम दहा मिनिटांचं असतं. ते उजेडी, रूमबॉय समोर उभा असताना, बॅगेची चेन उघडायच्या आधी उरकून टाकायचं. मग नजर खोलीकडे वळवायची.

दाराचं कुलूप हे तू बाहेर जाशील तेव्हासाठी. रात्री त्यावर विसंबू नये, त्याची दुसरी किल्ली काउंटरला असतेच. रात्री कामाला येते ती आतली कडी, आणि तीसुद्धा वरची. ती लावून दार आतल्या बाजूला दोन-तीनदा जोरात ओढून बघ. कोयंड्याचे स्क्रू ढिले असतील, चौकटीचं लाकूड भुसभुशीत झालं असेल, तर तिथंच कळतं. वरची कडी आणखी एका कारणासाठी हवी: खालचा बोल्ट तुझं पोरगं आज ना उद्या सरकवायला शिकणारच. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असलं, तर ती खोली घ्यायचीच नाही. गॅलरीवाली खोली दोनशे रुपये स्वस्त दिली तरी नको. खिडकीखाली पलंग असेल तर रूमबॉयकडून तो सरकवून घे.

खुर्ची टेकवण्यात काही अर्थ नाही. गुळगुळीत फरशीवर ती सरकते, आणि तुला मात्र उगाच वाटत राहतं की बंदोबस्त झाला. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून दाराखाली सारायची रबरी पाचर घेऊन बॅगेत टाक. दार आत उघडणारं असेल तर ती घट्ट बसते. शिवाय दाराला चिकटून स्टीलचं ताट उभं कर आणि त्याला टेकून पेला ठेव. दार बोटभर हललं तरी सगळा मजला जागा होईल असा आवाज होतो, आणि मग तुला कान लावून पडायची गरज राहत नाही, ते काम ताट करतं. जड सामान मात्र दाराला लावू नकोस. आग लागली, वायर जळाली, तर पोराला काखेत मारून त्याच दारानं पळायचंय. किल्ली आणि मोबाइल रोज एकाच जागी, उशाशी. जिना कुठल्या बाजूला आहे तो दिवसाच एकदा उतरून बघून ये.

हे सगळं तुलाही थोडंफार माहीत असणार. अडतं ते भिडेपोटी. काउंटरवर चार माणसं बघत असतात, पोरगं किरकिरत असतं, आणि "दुसरी खोली दाखवा" म्हणायची जीभ उचलत नाही. तू बँकेत मॅनेजरसमोर बसून "हे व्हाउचर बरोबर नाही" म्हणतेस ना? तोच आवाज इथं काढ. खोली नंबर मोठ्यानं ओरडून सांगितला तर म्हण, "आता दुसरी द्या, आणि नंबर लिहून द्या." "मिस्टर नाहीत का बरोबर?" या प्रश्नाला खोटं बोलायची तुला गरजच नाही. सरळ सांगायचं, "माझी बहीण इथंच राहते, सकाळी येतात ते लोक घ्यायला." आणि हे जरा चार लोकांना ऐकू जाईल असं सांग. ओळखपत्र म्हणून आधारच द्यावं लागतं असं नाही, लायसन्स किंवा मतदार कार्ड चालतं. आधारच द्यायचं असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं 'मास्क्ड' आधार डाउनलोड करून ठेव.

आता दाराच्या अलीकडे ये. पहिल्यांदा बाथरूममध्ये जा आणि बेसिनच्या जाळीत बघ. पांढऱ्याशुभ्र डांबरगोळ्या असतात की नाही? कपाटाच्या खणातही दोन-चार लोळत असतात. सव्वादोन वर्षांच्या पोराला त्या पेपरमिंटच वाटणार. नॅप्थॅलीनची एक गोळीसुद्धा लहान मुलाला बाधू शकते. काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात, आणि लक्षणं दिसायला एखाद-दोन दिवसही लागतात, म्हणजे पोरगं हसतंखेळतं आहे म्हणून बिनधास्त राहायची सोय नाही. गोळ्या कागदात उचलून रूमबॉयच्या हातात दे आणि बाहेर टाकायला लाव. चुकून तोंडात गेलीच तर उलटी काढायची नाही, दूध पाजायचं नाही, उरलेला तुकडा बरोबर घेऊन तडक दवाखाना.

त्याच बाथरूममध्ये बादली. लहान मूल चार बोटं पाण्यातही डोक्यावर पडून बुडू शकतं, तेव्हा वापर झाला की बादली पालथी. गीझरचं पाणी लॉजवर वाफाळतं सोडलेलं असतं, कुणी आधी आंघोळ केली त्याच्या मर्जीप्रमाणे. आधी गार पाणी, मग त्यात गरम, आणि पोराला नळाच्या जवळ उभं करायचं नाही. पोरं आत जाऊन आतून कडी लावून घेतात आणि मग काढता येत नाही म्हणून रडतात, तू बाहेर दार बडवत. यावर सोपा उपाय, दाराच्या वरच्या कडेवर जाड टॉवेल टाकून ठेव, दार मिटतच नाही. रात्री बाथरूमला बाहेरून कडी. तुझ्या आंघोळीच्या वेळी त्याला खोलीत एकटा सोडू नकोस, आतच कोरड्या कोपऱ्यात रिकामा मग देऊन बसव. भिजला तर भिजला.

डासांचं लिक्विड मशीन, चहाची केटली आणि तिची लोंबती वायर, पलंगाशेजारच्या बोर्डातली उघडी भोकं, हे त्याच्या उंचीवर गुडघ्यांवर बसून एकदा बघ. उभ्यानं दिसत नाही. पलंग आणि भिंत यांच्यात फट असेल तर गादी सरळ खाली घे. आणि एक नियम कडक पाळ: दूध घ्यायला, बिल द्यायला, बॅग बाहेर ठेवायला, कशालाही उंबरा ओलांडायचा तर किल्ली हातात आणि पोरगं कडेवर. आपोआप लॉक होणाऱ्या दारामागं मूल आत आणि आई बाहेर, असं एका क्षणात होतं.

छुप्या कॅमेऱ्याचं तू लिहिलं नाहीस, पण मनात असेलच. दिवे मालवून मोबाइलच्या टॉर्चनं पलंगाकडे आणि बाथरूमकडे तोंड करून असलेल्या वस्तू बघ. घड्याळ, स्मोक डिटेक्टर, आधीपासून लावलेला चार्जर. भिंग असेल तर बारीक चमकतं. संशय आला तर हात लावायचा नाही, फोटो काढायचा आणि पोलीस. असं चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. दोन मिनिटं बघायचं आणि सोडून द्यायचं.

जागेची निवड. तुला दोन्ही गावांत काम असतं, तर मी मुक्काम मिरजेला करेन. १८९४ साली डॉक्टर वानलेसांनी तिथं मिशन हॉस्पिटल काढलं, पुढं मिरज दवाखान्यांचंच गाव झालं, आणि कर्नाटकापासूनचे पेशंट आजही तिथं येतात. दवाखान्यांच्या आसपासच्या लॉजवर त्यांचे नातेवाईक उतरतात. म्हाताऱ्या बाया, बाळंतिणीच्या आया, लेकुरवाळ्या. अशा ठिकाणी एकट्या बाईकडे कुणी मान वळवून बघत नाही आणि रात्री दूध गरम करून मागितलं तर कपाळाला आठ्या पडत नाहीत. शिवाय मुलांचा डॉक्टर हाकेच्या अंतरावर. सांगलीतच राहायचं तर विश्रामबागेकडे बघ. खाली परमिट रूम असलेलं लॉज कितीही चकाचक असलं तरी नको. रात्री अकरानंतरची पावलं तिथूनच वर येतात. आणि जुलै-ऑगस्टमध्ये निघायच्या आधी सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बघत जा. चाळीस फुटांना इशारा असतो, पंचेचाळीसला धोका. तेव्हा नदीकाठची जागा घेऊच नये.

एकदा जागा पटली की दर वेळी तीच घे, जमलं तर तीच खोली. दोन-तीन मुक्कामांत काउंटरवरचे काका पोराला नावानं हाक मारू लागतात. माझ्या मते ओळखीच्या चेहऱ्यांइतका दुसरा बंदोबस्त नाही. साताऱ्याहूनही असं निघ की सांगलीत उजेडी पोचशील. पेठ नाक्यावर गाडी चुकली तर चुकू दे, पण अंधारात पोराला घेऊन खोल्या शोधत फिरू नकोस.

झोप मात्र पहिल्याच खेपेला येईल अशी आशा धरू नकोस. शरीराला सवय लागली आहे, ती हळूहळू सुटेल. घरची गोधडी ने. पोराला तिचा वास ओळखीचा, तुलाही. मोठा दिवा बंद कर, तो जागं ठेवतो. नाइट लॅम्प पुरे. मावसबहिणीला व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन दे, ते आठ तास चालतं, म्हणजे रात्र निघते. मिस्टरांना अपरात्री फोन करू नकोस. तिकडून त्यांना काही करता येत नाही आणि दोघंही जागे राहता. त्यांच्याशी झोपायच्या आधी एक ठरलेला फोन, त्यात खोली कशी आहे ते सांग, पोराचा आवाज ऐकव. अडीनडीला उठून येऊ शकेल असं माणूस सांगलीत आहे, रात्रीचा फोन तिला. आधी विचारून ठेव, "रात्री बाराला फोन केला तर चालेल का?" चालेलच म्हणेल.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. गुडघ्यामुळं नातवाला सांभाळता येत नाही याचं त्यांना वाईट वाटत असणार, ते असं तिरकं बाहेर पडतं. त्यांना खोलीचा व्हिडिओ कॉल करून दाखव. नोकरी सोडायचा विषय तू काढायचा नाही, त्यांनी काढला की गुडघ्याच्या व्यायामाचं विचारायचं.

राहिली बँक. तुला मुक्कामाला पाठवतात तर मुक्कामाची जागा हा त्यांचाही प्रश्न आहे. भत्त्याच्या मर्यादेत फक्त परमिट रूमवालं लॉज बसत असेल तर मर्यादा वाढवून मागायची. सासूबाई हिंडूफिरू लागेपर्यंत सातारा, कऱ्हाडच्या शाखा द्या, असंही मागता येतं. आणि कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार कामानिमित्त जिथं जाशील ती जागाही कामाचीच जागा धरतात, तेव्हा लॉजवर कुणी छेड काढली तर बँकेच्या तक्रार समितीकडेही जाता येतं. अर्ज तोंडी नको, लेखी दे. पोच घे हे तपासणीवाल्या बाईला मी सांगायला नको.

– मावशी