धीर दे, खात्री देऊ नकोस

प्रिय मुली,

रात्री साडेअकराला तुझ्या त्वचेच्या कर्करोगाच्या आधारगटातल्या कुणाच्या तरी तळपायाचा फोटो येतो. खाली लिहिलेलं असतं, ‘बघ गं, हे तसलंच नाही ना?’ बोलावं तर भीती वाटते, गप्प बसावं तर आपणच निर्दयी ठरतो, असं तू लिहिलंस. विचारणाऱ्याला तुझं मत नकोच असतं. त्याला झोप लागेल असं काहीतरी हवं असतं. ते तुझ्याकडे नाही. धीर दे, खात्री देऊ नकोस.

आतड्याच्या कर्करोगाच्या गटात कुणी कुणाचं पोट बघून निदान सांगत नाही. त्वचेचं सगळं डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे दोन वर्षं उपचार घेतलेला प्रत्येक जण अर्धा डॉक्टर होऊन बसतो. डॉक्टरच्या बोलण्यावर माणूस शंका घेईल, आणखी चार ठिकाणी विचारेल. पण ज्याच्या पायाचं बोट गेलंय तोच म्हणाला, ‘माझं असं नव्हतं, हे साधं दिसतंय’, की विषय संपला. माणूस निवांत घरी जातो आणि सहा महिन्यांनी परततो तेव्हा जांघेत गाठ असते.

आपल्याकडे हा आजार फसवाही आहे. गोऱ्या लोकांच्या देशांतली पत्रकं मराठीत करून वाटणारे तुला भेटतील. त्यात सगळं ऊन आणि सनस्क्रीन. आपल्या लोकांत मेलानोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. तळपायाचा डाग कुरूप समजून ब्लेडने तासला जातो, त्यावर कॉर्न कॅप लागते, बिब्बा लागतो. नखाखालचा काळेपणा ‘ठेच लागली असेल’ म्हणून राहतो. बेसल सेल हा त्वचेचा दुसरा कर्करोग नाकाच्या कडेला किंवा पापणीपाशी येतो; सावळ्या कातडीवर तो काळसर, चकचकीत दिसतो, म्हणून तीळ ठरतो. स्क्वेमस सेल हा तिसरा, तो भाजल्याच्या जुन्या व्रणावर, वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेवर उगवतो. कमरेला तर कुणी बघतच नाही. पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ च्या शोधनिबंधात धोतर नेसण्याच्या जागी होणाऱ्या कर्करोगाचं वर्णन केलं; परकराची नाडी रोज एकाच जागी आवळणाऱ्या बायकांतही तोच प्रकार नंतर नोंदला गेला. तिथला काळा पट्टा, सोललेली कातडी म्हणजे काही आजार असतो हेच कुणाला वाटत नाही. आणि यातल्या प्रत्येकासाठी गटात एक ‘काही नाही गं’ तयार असतं.

घाबरवणं हीसुद्धा खात्रीच, फक्त उलट्या बाजूची. दोन्ही हातांच्या चार-पाच नखांवर तपकिरी रेघा सावळ्या माणसांत सर्रास असतात. एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंद होत गेली, काळेपणा नखाशेजारच्या कातडीवर उतरला, तर ते दाखवायला हवं. हा फरक बैठकीत सगळ्यांना शिकव. महिन्यातून एकदा नेलपॉलिश आणि आलता पुसून नखं, तळपाय, बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा आणि कंबर बघायची. पाठीसाठी आरसा किंवा घरातलं माणूस. चार आठवड्यांत न भरलेली जखम दाखवायचीच. पण हे ज्याने त्याने आपल्या अंगावर बघायचं. दुसऱ्याच्या पायावर बोट ठेवून ‘हे ते नाही’ म्हणायचं नाही, ‘हे तेच’ असंही नाही.

मग फोटोला उत्तर काय? हे लिहून ठेव आणि असंच पाठव: ‘फोटोवरून मी सांगणार नाही, गटात कुणीच सांगणार नाही. हे किती दिवसांपासून आहे? वाढलंय का? रक्त येतं का? उद्या ओपीडीला जायचं आहे. सोबत कोण येतंय?’ शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कुणी नसेल तर गटातला एक माणूस सोबत पाठव. रेशनकार्ड आणि आधार घ्यायला सांग, रुग्णालयात गेल्यावर सरकारी आरोग्य योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल आणि समाजसेवा अधीक्षकांची खोली कुठे आहे ते सांग. तीन दिवसांनी फोन करून गेले का ते विचार. नसतील गेले तर पुन्हा कर. धीर म्हणजे ही यातायात. गोड बोलणं नव्हे.

डॉक्टरला काय विचारायचं हेही गट शिकवू शकतो. मेलानोमाचा संशय असेल तर तपासणीसाठी तुकडा कसा घेणार, हे विचारा. वरवर खरवडलेल्या तुकड्यात आजाराची खोली नीट मोजता येत नाही, आणि आजूबाजूची किती कातडी काढायची, आजार पसरला तर आधी जिथे पोचतो ती जांघेतली किंवा काखेतली पहिली गाठ तपासायची का, हे बरंचसं त्या मिलिमीटरमधल्या खोलीवर ठरतं. रिपोर्टवर तो आकडा आहे का बघा, एवढं सांग. आकड्याचा अर्थ सांगू नकोस. ‘माझा दोन मिलिमीटर होता, मी ठणठणीत आहे’ हे वाक्य बैठकीत आलं की तिथेच थांबव. शेजारी चार मिलिमीटरवाला बसलेला असतो.

औषधांचंही तेच. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगात निवोलुमॅब या प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधाची अगदी कमी मात्रा वापरून बघितली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापले. ही बातमी कुणीतरी गटात आणणारच: ‘आपल्यालाही कमीच पुरेल.’ आजार वेगळा, प्रयोग वेगळा. मात्रेची चर्चा गटात नाही. पुडीवाले वैदू आले तर त्यांना चहा दे आणि वाटेला लाव.

बैठकीला आठ-दहा जण, दीड तास. त्याहून जास्त झाले की दोघेतिघेच बोलतात. सतरंजी नको, जांघेतल्या गाठी काढलेल्यांना मांडी घालता येत नाही, पाय वर ठेवायला रिकामी खुर्ची लागते. चालवणारे दोघे हवेत: एक बोलणं सांभाळेल, दुसरा उठून बाहेर गेलेल्याच्या मागे जाईल. नातेवाईक वेगळे बसव, कारण मुलगा समोर असला की बाप ‘बरं आहे’ याच्या पुढे सरकत नाही. कुणी जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर त्या दिवशी त्याला एकटं घरी पाठवायचं नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवर लाव. सदस्य गेला तर प्रत्येकाला फोन करून सांग, व्हॉट्सॲपवर हात जोडलेली चित्रं पडण्याआधी. आणि संध्याकाळची शेवटची एसटी सुटण्याआधी संपव.

अनुभव भरभरून बोलावेत असं पुष्कळ आहे. कलम केलेल्या कातडीला घाम येत नाही, ती सुकून तडकते, तिला रोज व्हॅसलीन किंवा तेल लागतं. संवेदना गेलेल्या तळपायाला एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची, मऊ चप्पल बरी पडते. घालण्याआधी ती झटकून आत खडा आहे का बघायचा. सुजणाऱ्या पायाचा दाबाचा मोजा सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचा, दुपारी चढत नाही. तोच पाय लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय. बैठकीची वाट बघायची नाही. पायाची पट्टी बघून गावात ‘महारोग’ म्हणतात, तेव्हा काय उत्तर द्यायचं, हे तर ज्याने ऐकलंय त्यानेच सांगावं. फक्त ‘मला हे चाललं’ म्हणावं. ‘तुला चालेल’ नाही.

या हट्टापायी लोक मला खडूस म्हणतात. काही जण गट सोडून गेले, गोड बोलणाऱ्यांकडे गेले. त्यांचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं, पण नियम सैल केला असता तर ते राहिले असते म्हणून मी तो सैल करायला हवा होता, हे मला कुणी पटवून देऊ नये. गट मोठा व्हावा म्हणून तो नसतो. तुझ्याकडेही तिघेच उरतील एखाद्या महिन्यात. तिघांची बैठक घे.

आणि पत्राच्या तळाशी, जाता जाता विचारल्यासारखं करून, तू बाबांचं लिहिलंस. जांघेत हरभऱ्याएवढं काहीतरी लागतंय, ‘चालण्याच्या ताणाने असेल ना?’ तुलाही मी नाही सांगणार. तीन महिन्यांच्या तपासणीची तारीख पुढच्या महिन्यात असली तरी थांबू नकोस, या आठवड्यातच ओपीडी गाठ. पहिल्या शस्त्रक्रियेचा पॅथॉलॉजी रिपोर्ट ने. दुसऱ्या रुग्णालयात जाणार असशील तर काढलेल्या तुकड्याच्या स्लाइड आणि मेणातले ब्लॉकही मागून घे. सोनोग्राफी करून गाठीची सुईने तपासणी करणार का, हे स्पष्ट विचार. सोबत कोण येतंय? तुझा भाऊ कामावर असेल तर मला कळव, मी येते.