लिंबाला बहार का धरत नाही?

प्रश्न : अंगणात ६ वर्षांचं कागदी लिंबू आहे. हिरवंगार, पण फूल एकही नाही. बारा महिने दिवसाआड पाणी आणि दर दोन महिन्यांनी मूठभर युरिया देतो. काय चुकतंय? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : हेच दोन्ही चुकतंय. युरियातून नत्र मिळत राहिलं की झाड पालवीच काढत बसतं, आणि ओल कधी तुटलीच नाही तर बहार धरत नाही. त्यात आपली माळव्याची काळी माती वरून भेगाळली तरी वीतभर खाली ओल धरून असते. युरिया आजपासून बंद करा.

आधी झाडाला ६ तास थेट ऊन मिळतंय ना ते पाहा. कलम असेल तर जोडाच्या खालून आलेली फूट बुडापासून काढा. ती खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याची असते, कागदी लिंबाची नव्हे. बियांचं रोप असेल तर ४ ते ६ वर्षं लागतातच, म्हणजे तुमचं झाड आता वयात आलंय.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाणी तोडा. काळ्या जमिनीत हा पाण्याचा ताण जास्त दिवस द्यावा लागतो, म्हणून दिवस मोजण्यापेक्षा पानं पाहा. पानांची चकाकी जाते, दुपारी ती वळतात, पिवळी पडून गळू लागतात. साधारण चौथा हिस्सा पानं गळली की ताण पुरे. त्यापुढे ओढलंत तर फांद्या शेंड्याकडून वाळतात. मग खोडापासून दीड-दोन फूट लांब, जिथे बारीक मुळं असतात तिथे, १५ किलो कुजलेलं शेणखत आणि १ किलो निंबोळी पेंड मिसळा. पहिलं पाणी हलकं, आंबवणीचं. पाच-सहा दिवसांनी चिंबवणी, जरा जास्त. मग नेहमीचं. पहिल्याच दिवशी आळं तुडुंब भरू नका, नाहीतर फुलांऐवजी पुन्हा पालवीच फुटेल. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून या काळात कात्री लावायची नाही. फक्त सरळ वर धावणारे पाणसोट काढा.

हा आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा; लिंबं जून-जुलैत हाती येतील. उन्हाळ्यातल्या सरबताला हस्त बहाराची, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्याची लिंबं लागतात. त्यासाठी ऐन पावसाळ्यात ताण द्यावा लागतो, आणि घरच्या अंगणात तो खटाटोप करू नये असं आमचं मत आहे.

प्रश्न : गच्चीवरच्या कुंडीत फुलं भरपूर येतात, पण मिरीएवढी फळं गळून जातात. (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : लिंबाची बहुतेक फुलं गळतातच, त्याची काळजी नको. सगळीच फळं गळत असतील तर कारण बहुधा पाणी : आज माती कोरडी ठणठणीत, उद्या चिखल. कुंडी निदान १८ इंची हवी, बुडाचं भोक मोकळं हवं. एप्रिल-मे महिन्यांत सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी द्या, मातीवर दोन इंच वाळका पाला पसरा आणि कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळा. तापलेल्या कुंडीत मुळं होरपळतात. कुंडीला ताण ८-१० दिवसांपेक्षा जास्त देऊ नका. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका.

प्रश्न : नवी पानं बारीक येतात, शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. खत वाढवू का?

उत्तर : नको. ही जस्ताची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत नेहमीची. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम भिजवलेला चुना मिसळून गाळा आणि नवी पालवी कोवळी असताना संध्याकाळी फवारा. आधीची पिवळी पानं पूर्ण हिरवी होणार नाहीत. पुढची पालवी कशी येते ते पाहा.