आधी तळटीपा वाच

इंदूर

प्रिय मुली,

सलाम.

नियतकालिकाच्या अंकातल्या लेखांवरचं तुझं टिपण वाचलं. चार पानांत तीनदा ‘लेखकाचं म्हणणं पटत नाही’ असं आलंय, पण ते म्हणणं काय, हे कुठेच नाही. आधी ते पाच ओळींत तुझ्या मराठीत मांड. इतकं प्रामाणिकपणे, की लेखकानेच वाचून ‘हो, हेच’ म्हणावं. नाही जमलं तर लेख परत वाच.

मी अंक हातात आला की तळटीपा आधी बघते. ख्रिस्ती मिशनच्या इतिहासावरचे कितीतरी लेख मिशनऱ्यांच्या वार्षिक अहवालांवर उभे असतात. ते अहवाल परदेशातल्या देणगीदारांसाठी लिहिलेले. बाप्तिस्मे किती झाले ते त्यात सापडतं, त्या रात्री घरात काय झालं ते सापडत नाही. ‘टिळक कुटुंब १८९५ साली ख्रिस्ती झालं’ हे वाक्य तू जसंच्या तसं उतरवलंस. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी! मधल्या काळातलं नातेवाइकांकडे राहणं, रडणं, सोवळं हळूहळू सुटणं, सगळं लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात स्वतः सांगितलंय. ज्याला मराठी येत नाही त्याच्या हातून हे निसटेल. तुझ्या हातून निसटलं, याचं मला वाईट वाटलं.

१९७० च्या आधीच्या घटनेत ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ दिसलं की पेन्सिलीने खूण कर. ते वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालं. आपल्या इंदुरात १८८७ साली ख्रिश्चन कॉलेज काढलं ते कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी. त्यांच्यातले बहुतेक १९२५ मध्ये तिकडच्या युनायटेड चर्चमध्ये सामील झाले. त्यामुळे एकाच कामाचे कागद दोन-तीन नावांखाली शोधावे लागतात.

ईश्वरविज्ञानाच्या लेखात एकच सांभाळ. ‘तारण’ म्हणायचं तिथे तू ‘मोक्ष’ लिहिलंस. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका, तारण म्हणजे पापातून. लेखकाचा सगळा वाद त्याच फरकावर आहे, आणि तुझ्या एका शब्दाने तो पुसून टाकला.

रविवारी उपासना झाली की घरी ये. नवा खर्डा आण, आणि मूळ अंकही. तळटीपा दोघी मिळून बघू.

तुझी,
मावशी